सिडरची फळी: माशाला उत्तम, भरिताला नको

निखाऱ्यांवर ठेवून तिच्यावर पदार्थ शिजवायची ही फळी ऑनलाइन मिळते. ती साधारण एक फूट लांब, साडेपाच इंच रुंद आणि जेमतेम सेंटीमीटरभर जाड असते. लाकूड वेस्टर्न रेड सिडरचं, उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरचं. तिथले मूळ रहिवासी सामन मासा याच लाकडावर शिजवत आले. नावात सिडर असलं तरी हे झाड आपल्या देवदाराच्या कुळातलं नाही.

खानदेशात ही फळी घेणाऱ्याच्या मनात पहिलं येतं ते वांगं. ते तिच्यावर ठेवू नका. 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेलं जळगावचं भरिताचं वांगं कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काड्यांच्या जाळात पडतं, साल करपते, फाटते आणि धूर थेट गरात मुरतो. फळी नेमकी जाळ आणि वांग्याच्या मध्ये आडवी येते. वांगं उकडल्यासारखं शिजतं, साल नीट सुटत नाही, गर पचपचीत होतो. मग बडगीत, म्हणजे भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यात, कितीही ठेचा, काड्यांवरच्या भरिताचा वास येत नाही.

तिचं खरं काम जाळीला चिकटणाऱ्या आणि उलटताना मोडणाऱ्या पदार्थांचं: रोहू-कटल्याचे काटे काढलेले तुकडे, पनीर, पिकलेलं केळं. मासा तर इतका रसदार राहतो की त्या एका पदार्थासाठी फळी घ्यावी.

फळी किमान एक तास, जमल्यास दोन तास पाण्यात पूर्ण बुडवा. लाकूड तरंगतं, म्हणून वर वरवंटा ठेवा. पाणी आत फार खोल जात नाही; ते फक्त फळी पेटायला उशीर लावतं. त्यामुळे निखारे तयार होईपर्यंत ती पाण्यातच राहू द्या. मे महिन्यात जळगाव-भुसावळच्या झळांत ती बघता बघता कोरडी होते.

निखाऱ्यांवर राख धरली आणि जाळीच्या उंचीवर तळहात चार-पाच सेकंद टिकला की आच बरोबर आहे. रिकामी फळी तीन-चार मिनिटं तापवा. तडतड ऐकू आली, कडेने धूर निघाला की ती उलटा आणि तापलेल्या बाजूवर पदार्थ मांडा. उलटायला विसरलात तर एकच बाजू सुकून फळी वाकते आणि मासा घसरतो. वर खोलगट पातेलं पालथं घाला, कडेला बोटभर फट ठेवा. झाकण नसेल तर धूर वाऱ्यावर जातो आणि मासा वरून कच्चा राहतो. हे सगळं अंगणात किंवा गच्चीवरच करा. बंद स्वयंपाकघरात कोळशाचा वायू जीवघेणा ठरतो.

दोन सेंटीमीटर जाडीच्या माशाला 15 ते 20 मिनिटं लागतात. कातडीची बाजू खाली ठेवा, मासा उलटू नका. दाबल्यावर पाकळ्या सुटल्या की झाला. पनीरचे दीड सेंटीमीटरचे काप 12 ते 15 मिनिटांत होतात, सालीसकट उभं चिरलेलं केळं 8 ते 10 मिनिटांत.

काळा मसाला मात्र लावू नका. दगडफूल आणि भाजलेल्या खोबऱ्यापुढे सिडरचा धूर टिकत नाही. मीठ, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची आणि पाव किलोला एक चमचा तेल एवढं पुरे. तेल जास्त झालं की ते कडेने निखाऱ्यावर गळतं आणि फळी भडकते. तेव्हा पाणी फक्त फळीच्या कडेवर शिंपडा आणि ती कमी आचेकडे सरकवा.

आरागिरणीतले तुकडे स्वस्त म्हणून वापरू नका. त्यांवर वाळवीचं औषध असू शकतं. प्लायवुड तर मुळीच नको, त्यात डिंक आणि रसायनं असतात. रंग-पॉलिश न लागलेली, रंधा मारलेली आंब्याची फळी चालते. तिचा धूर सौम्य असतो.

एक फळी दोन-तीन वेळा पुरते. साबण लावू नका, लाकूड तो पितं. गरम पाणी आणि काथ्याने घासून सावलीत वाळवा. खालची बाजू अर्ध्याहून अधिक कोळसा झाली की तिचे तुकडे करा आणि पुढच्या भरिताच्या वेळी काड्यांच्या जाळात टाका.