नवा टीव्ही, जुना स्टीरिओ रिसीव्हर: पावसाळ्यापासूनचा अनुभव

घरी बाबांचा ऐंशीच्या दशकातला स्टीरिओ रिसीव्हर आणि लाकडी पेट्यांचे मोठे स्पीकर आहेत. पावसाळ्यात नवा टीव्ही आला, तेव्हापासून त्याचा आवाज यांच्यावरच ऐकतोय. घरात असा संच पडून असेल, तर साउंडबारवर पैसे घालण्याआधी हे करून बघाच.

नवे टीव्ही इतके चपटे असतात की स्पीकरला जागाच उरत नाही. बहुतेकांचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात, त्यामुळे संवाद पुसट होतात. आता कुजबुजसुद्धा स्पष्ट कळते. माझ्यासाठी सगळ्यात मोठा फायदा हाच.

टीव्हीचं ऑप्टिकल आउटपुट डिजिटल असतं, ते जुन्या रिसीव्हरला कळत नाही. म्हणून मध्ये डॅक लावायचा, म्हणजे डिजिटल सिग्नलचा जुन्या रिसीव्हरला कळणारा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारं यंत्र. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी असते: एकीकडे ऑप्टिकल, दुसरीकडे लाल-पांढऱ्या आरसीए पिना. हेडफोनच्या जॅकमधून वायर काढली होती तेव्हा स्पीकरमधून सतत घूं आवाज यायचा. सेट-टॉप बॉक्सची केबल काढली की तो थांबायचा, म्हणजे ग्राउंड लूप (जोडलेल्या उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या विजेची गुणगुण). ऑप्टिकल वायरमधून वीज नाही, प्रकाश जातो. त्यामुळे ती भानगडच मिटली.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल ऑडिओ ‘पीसीएम’वर, म्हणजे डॉल्बीसारखा आवळून न भरलेल्या साध्या डिजिटल आवाजावर ठेवा. डॉल्बीवर राहिलं तर साधा डॅक गप्प बसतो, नाहीतर नुसती खरखर करतो. रिसीव्हरला ऑक्स, टेप, सीडी यांपैकी कुठलंही इनपुट चालेल. फोनोला मात्र जोडू नका. ते रेकॉर्ड प्लेअरच्या क्षीण सिग्नलसाठी असतं. तो कितीतरी पट वाढवताना खर्जही चढवतं, त्यामुळे आवाज पार फाटतो.

गैरसोय एकच, पण रोजची. आमच्या टीव्हीच्या रिमोटने ऑप्टिकलचा आवाज कमी-जास्त होत नाही आणि रिसीव्हरला रिमोट नाही. जाहिरात लागली की उठून नॉब फिरवायचा. आईला हे अजूनही पटलेलं नाही, आणि तिचं बरोबर आहे. घरात वयस्कर माणसं असतील तर एचडीएमआय एआरसीवर (टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरमधूनच उलटा बाहेर पाठवणारी सोय) चालणारा डॅक घ्या. त्यातल्या काहींचा आवाज टीव्हीच्याच रिमोटने बदलतो. घेण्याआधी दुकानदाराकडून ते चालवून बघा. नुसता ‘एचडीएमआय ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर’ लिहिलेला डबा उचलू नका, त्यातल्या बऱ्याच डब्यांना टीव्हीकडून उलटा येणारा आवाज घेता येत नाही.