जुन्या जिप्सीचं कललेलं चाक: किंगपिन बेअरिंग बदलल्यावर एक पावसाळा

आधी निकाल सांगतो: काम टिकलं. गाडी जिप्सी, १३०० सीसी, माझ्याकडे येईपर्यंत दोन मालक बघून आलेली. खानापूर, जांबोटी, कणकुंबी हा तिचा नेहमीचा पट्टा, कधी चोर्ला घाट उतरून गोव्याकडे. मिरगाच्या आधी पुढच्या डाव्या चाकाचं काम केलं आणि आता भाताची सुगी उरकल्यावर हे लिहितोय. कणकुंबीचा पाऊस मध्ये झाला, त्यामुळे परीक्षा पुरेशी झाली असं धरायला हरकत नाही.

समोर उभं राहून बघितलं की डावं चाक वरच्या बाजूनं आत झुकलेलं दिसायचं. त्या टायरची आतली कड गुळगुळीत, बाहेरची नक्षी जवळपास नव्यासारखी. पन्नासच्या पुढं एखादा खड्डा लागला की स्टिअरिंग थरथरायचं आणि वेग उतरवल्याशिवाय थांबायचं नाही. आधीच्या मालकानं रुंद टायर आणि स्पेसर (चाक बाहेर सरकवणाऱ्या जाड चकत्या) लावले होते. दिसायला रुबाबदार खरं, पण चाक जितकं बाहेर सरकतं तितका बेअरिंगवरचा ताण वाढतो.

आमच्याकडे असं चाक दाखवलं की दहातले नऊ जण म्हणतात, "पाटा (पट्ट्यांची स्प्रिंग) बसलाय, पाटे बदला." मारुती ८०० सारख्या गाडीत स्प्रिंग बसली तर चाकाचा कल बदलतो, म्हणून हे डोक्यात बसलं असावं. जिप्सीला पुढं अखंड अ‍ॅक्सल आहे, या चाकापासून त्या चाकापर्यंत एकच हाउसिंग. डावा पाटा बसला तर बॉडी डावीकडे झुकेल, पण अ‍ॅक्सल दोन्ही टायरांवर जमिनीला समांतरच राहणार. पाट्याचा सेंटर बोल्ट तुटला तर चाक पुढं-मागं सरकेल, तरीही कलणार नाही. बेळगावात एका अलाइनमेंटवाल्यानं कॅम्बर (चाकाचा उभा कल) बिघडलाय म्हणून गाडी मशीनवर घेतली आणि टो-इन (चाकं पुढून किती आत वळलेली आहेत ते) जुळवून पैसे घेतले. या अ‍ॅक्सलवर टाय रॉडनं (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्यानं) टो-इनच तेवढं जुळवता येतं, कॅम्बरला फिरवायला बोल्टच नाही. कल आहे तसाच राहिला.

मग गुन्हेगार उरतात मोजके: वाकडी रिम, हबची (चाक ज्यावर बोल्टनं बसतं त्या भागाची) सैल बेअरिंग, किंगपिनची (ज्या खिळीवर चाक डावी-उजवीकडं वळतं तिची) झिजलेली बेअरिंग, वाकलेला स्पिंडल (हब ज्यावर फिरतो तो दांडा) किंवा वाकलेलं हाउसिंग. यातला कोण, हे घरच्या अंगणात कळतं. सपाट फरशीवर गाडी, स्टिअरिंग अगदी सरळ (वळवलेलं चाक मुळातच कलतं, त्यावरून काही ठरवू नये), दोन्ही टायरांत सारखी हवा. गवंड्याचा ओळंबा मडगार्डवरून चाकाशेजारी सोडायचा आणि दोरीपासून रिमच्या वरच्या व खालच्या कडेपर्यंतचं अंतर मोजायचं. टायरवरून मोजू नका, खाली तो फुगलेला असतो. जिप्सीचं चाक वरून साधारण एक अंश बाहेर असायला हवं. १५ इंची रिमवर तो फरक सहा-सात मिलिमीटर भरतो. माझं उजवं चाक तसंच होतं. डावं मात्र उलटं, वरून आठ मिलिमीटर आत. गाडी अर्धं चाक फिरेल एवढी ढकलून पुन्हा मोजलं, माप तेच. रिम वाकडी असती तर माप बदललं असतं, म्हणजे रिम सुटली.

पुढची युक्ती आमच्या मेस्त्रीमामांची. चाक जॅकवर उचललं, वर आणि खाली हात धरून हलवलं, खडखड लागली. "आता ब्रेक दाबून धर रे," मामांनी पोराला सांगितलं. ब्रेक लागला की हब नकलला (किंगपिनवर वळणाऱ्या, चाक धरणाऱ्या भागाला) जखडतो, त्यामुळे हबच्या बेअरिंगचा ढिलेपणा असेल तर तो नाहीसा होतो. आमची खडखड तशीच राहिली. किंगपिनच्या टोपीजवळ बोट ठेवलं तर नकल आणि अ‍ॅक्सलचा गोळा (अ‍ॅक्सलच्या टोकाचा गोल भाग) यांच्यातली हालचाल बोटालाच लागत होती.

उघडल्यावर खालच्या बेअरिंगचे रोलर गंजून खड्डे पडलेले, ग्रीसच्या जागी तांबडा चिखल. नकलच्या मागचं सील फाटलं की ओढ्याचं पाणी थेट तिथं जातं. स्पिंडल बेळगावच्या उद्यमबागेत लेथवाल्याकडं फिरवून बघितला, सरळ निघाला. नवी बेअरिंग बसवताना शिमचं (पातळ पत्र्याच्या चकत्यांचं) काम नीट व्हावं लागतं: टोपीखालची शिम काढली की बेअरिंग आवळतं, घातली की सैल होतं. सील न लावता टाय रॉडच्या भोकाला स्प्रिंगचा काटा अडकवून ओढायचा; एक ते पावणेदोन किलोला नकल हलू लागला पाहिजे. "हातानं कळतं की" म्हणणाऱ्याकडं हे काम देऊ नये. दोन्ही बाजूंची बेअरिंग, सील, शिम मिळून खर्च एका नव्या टायरपेक्षा कमी आला. स्पेसरही त्याच दिवशी उतरवले.

आता अनुभव. थरथर गेली ती गेलीच, जांबोटीच्या पुढच्या खड्ड्यांतसुद्धा परत आली नाही. पहिले काही दिवस स्टिअरिंग जड वाटलं आणि वळणानंतर आपोआप सरळ यायला आळस करायचं, पुढं सुटलं. चाक मात्र पूर्ण एक अंशावर आलेलं नाही. ओळंब्याला जेमतेम सरळ उभं आहे, म्हणजे हाउसिंगलाच थोडा बाक असणार. प्रेसवर सरळ करून देतो म्हणणारे भेटले, तापवून करतो म्हणणारेही. तापवायला मी साफ नकार दिला आणि प्रेसचंही सध्या मनात नाही, कारण नवा टायर दोन्ही कडांनी सारखा झिजतोय.

तक्रार एकच, सीलची. बाजारातलं स्वस्त सील घेतलं होतं. श्रावण संपता संपता डाव्या गोळ्यावर ग्रीसची रेघ दिसायला लागली. उघडून बघितलं, पाणी शिरलेलं नव्हतं, तरी सील बदललं आणि ग्रीस नवं भरलं. ओढा ओलांडणारी गाडी असेल तर पावसाळा संपल्यावर हे दरवर्षी करावं लागणार असं धरून चाला. उजव्या बाजूला अजून तेच स्वस्त सील आहे, ते उसाच्या तोडीआधी काढणार.