जुनी रॉक-पॉप गाणी ऐकायची कुठे: निवेदकाचा कार्यक्रम, चोवीस तासांचं स्टेशन की प्लेलिस्ट?

पन्नास ते ऐंशीच्या दशकांतलं रॉक आणि पॉप ऐकायची ओढ लागली की आज तीन वाटा समोर असतात. एक, रेडिओवर आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी लागणारा, निवेदकानं सादर केलेला कार्यक्रम. दोन, दिवसरात्र जुनी गाणीच लावणारं स्टेशन. तीन, स्ट्रीमिंग अ‍ॅपवरची तयार प्लेलिस्ट. तिन्हींवर मी अनेक वर्षं ऐकत आलो आहे. माझा कौल पहिल्या वाटेला आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण तो सगळ्यांना मानवेल असं नाही. कुणाला का मानवणार नाही, तेही पुढे येईलच.

कौल असा का, त्यासाठी एक उदाहरण घेतो. १९६७ च्या सुरुवातीला बीटल्सनी 'पेनी लेन' आणि 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' ही गाणी एकाच तबकडीच्या दोन बाजूंना काढली. आज या तबकडीचं नाव निघालं की जाणकार कानाला हात लावतात. तरीही ब्रिटनच्या आज अधिकृत मानल्या जाणाऱ्या चार्टवर, म्हणजे गाण्यांच्या आठवड्याच्या क्रमवारीत, ती दुसऱ्या क्रमांकाच्या वर सरकलीच नाही. पहिल्या क्रमांकावर एंगलबर्ट हम्परडिंक यांचं 'रिलीज मी' ठाण मांडून बसलं होतं. नात्यातून मोकळं कर, अशी विनवणी करणारं ते एक संथ, सरळसाधं गाणं आहे.

आता '१९६७' नावाची कुठलीही प्लेलिस्ट उघडून पाहा. त्यात बीटल्स असतील, डोअर्स असतील, जिमी हेंड्रिक्स असतील. हम्परडिंक बहुधा नसतील. आज ज्या गाण्यांना मान आहे तेवढीच चाळणीतून खाली येतात, बाकीचं वर अडकून राहतं. पण तेव्हा रेकॉर्डच्या दुकानात त्याच आठवड्यात दोन्ही तबकड्या विकल्या जात होत्या, कदाचित एकाच घरात दोन्ही येत होत्या. 'रिलीज मी' ऐकून लगेच 'स्ट्रॉबेरी फील्ड्स' ऐकलं, तर त्या गाण्यानं तेव्हाच्या माणसाला केवढा धक्का दिला असेल ते कळतं. नुसतं एकटं ऐकलं तर ते फक्त छान वाटतं. जुनं गाणं शेजाऱ्यापाजाऱ्यांसकट ऐकावं लागतं, आणि ते शेजारी आणून बसवण्याचं काम चांगला रेडिओ कार्यक्रमच करतो.

यासाठी सगळ्यात उपयोगी प्रकार म्हणजे जुन्या चार्टचे कार्यक्रम. बीबीसीचा 'पिक ऑफ द पॉप्स' हा त्यातला जुनाजाणता. तो १९५५ पासूनचा आहे. १९६१ मध्ये अ‍ॅलन फ्रीमन त्यात आले आणि त्यांनी त्याला खरा रंग आणला. तेव्हा तो चालू चार्टचा कार्यक्रम होता. हल्ली त्यात मागच्या दोन वेगवेगळ्या वर्षांचे, त्याच सुमाराच्या आठवड्यातले चार्ट उलगडतात. अमेरिकेत केसी केसम यांचा 'अमेरिकन टॉप ४०' जुलै १९७० मध्ये सुरू झाला. बिलबोर्ड या संगीत-मासिकाच्या यादीतली चाळीस गाणी चाळिसाव्यापासून पहिल्यापर्यंत, आधी तीन तासांत आणि १९७८ पासून चार तासांत. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांतले ते मूळ भाग आजही अनेक स्टेशनं जसेच्या तसे लावतात. मला ते फार आवडतात, कारण पुढे काय होणार हे निवेदकाला ठाऊक नसतं. अडतिसाव्या क्रमांकावर नव्यानं आलेला एखादा गट पुढे जगभर गाजणार आहे हे आपल्याला माहीत असतं. केसम मात्र त्याची ओळख एका वाक्यात करून देतात आणि पुढच्या गाण्याकडे वळतात.

चार्टचा कार्यक्रम भाबडाही नसतो. १९६९ म्हटलं की सगळ्यांना वुडस्टॉकचा रॉक महोत्सव आठवतो. बिलबोर्डच्या हिशोबात त्या वर्षाचं पहिल्या क्रमांकाचं गाणं मात्र 'शुगर, शुगर' होतं, आणि ते द आर्चीज या कार्टूनमधल्या गटाच्या नावावर आहे. ही नोंद मनातल्या साठच्या दशकाला जागेवर आणते.

दुसरा प्रकार निवेदकाच्या स्वतःच्या आठवणीवर आणि आवडीवर उभा असतो. 'साउंड्स ऑफ द सिक्स्टीज' हा बीबीसी रेडिओ २ चा कार्यक्रम १९८३ पासून चालू आहे. १९९० ते २०१७ अशी सत्तावीस वर्षं तो ब्रायन मॅथ्यू यांनी सांभाळला. ही व्यक्ती १९५८ मध्ये 'सॅटर्डे क्लब' सुरू झाला तेव्हापासून पॉपच्या जगात वावरत होती, बीटल्सच्या मुलाखती घेत होती. त्यांच्यानंतर आलेले टोनी ब्लॅकबर्न यांनी समुद्रात नांगर टाकलेल्या जहाजांवरच्या 'पायरेट', म्हणजे विनापरवाना स्टेशनांवरून गाणी लावली होती, आणि ३० सप्टेंबर १९६७ ला बीबीसी रेडिओ १ सुरू झालं तेव्हा पहिला कार्यक्रमही त्यांचाच. ही माणसं तबकडीबद्दल बोलतात तेव्हा ती नवी असताना त्यांनी हातात धरलेली असते. बॉब डिलन यांच्या 'थीम टाइम रेडिओ अवर'चा (२००६ ते २००९) बाज वेगळा. प्रत्येक भागाला एक विषय, पहिल्याच भागाचा विषय हवामान, आणि त्या धाग्यात ब्लूजपासून रॉकपर्यंत काहीही ओवलेलं. ज्याला काळापेक्षा गाण्यांमधली नाती जास्त खुणावतात त्यानं या प्रकारचे कार्यक्रम शोधावेत.

चोवीस तासांच्या स्टेशनाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. स्वयंपाक करताना, गाडी चालवताना, हातात दुसरं काम असताना त्याच्यासारखी सोबत नाही. कळ दाबली की ओळखीचं काहीतरी लागतंच. अडचण अशी की ही स्टेशनं जाहिरातीवर चालतात आणि ऐकणाऱ्यानं स्टेशन बदलू नये हा त्यांचा पहिला हिशोब असतो. म्हणून श्रोत्यांना गाण्यांचे तुकडे ऐकवून चाचण्या घेतात आणि सगळ्यांना पसंत पडलेली काही शे गाणीच आलटून पालटून लावतात. महिनाभर ऐकलंत की दुपारी कुठलं गाणं येणार याचा अंदाज बांधता येतो. शिवाय 'जुनी' या शब्दाची हद्द पुढे सरकत राहते. पन्नाशीच्या दशकातली गाणी अशा स्टेशनांवरून कधीच हद्दपार झाली, साठची विरळ होत चालली आहेत, आणि ऐंशी-नव्वदची त्यांच्या जागी येऊन बसली आहेत. स्टेशनाचा भरवसाही धरता येत नाही. न्यूयॉर्कचं डब्ल्यूसीबीएस-एफएम १९७२ पासून जुन्या गाण्यांचं म्हणून ओळखलं जायचं. जून २००५ मध्ये त्याचा सगळा साचा एका दिवसात बदलला. श्रोते नाराज झाले ते झालेच. जुलै २००७ मध्ये ते परत जुन्या गाण्यांकडे वळलं.

प्लेलिस्टची जमेची बाजू मोठी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. हवं ते, हवं तेव्हा, आणि पैसे भरले असतील तर जाहिरातीशिवाय. आवडलं तर त्या गायकाचा पूर्ण अल्बम दोन बोटांवर. मात्र जुन्या गाण्यांच्या बाबतीत एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते: तुम्ही ऐकताय ती आवृत्ती कोणती?

मी स्वतः यात फसलो आहे. एका अ‍ॅपवर साठच्या दशकातल्या एका गायनगटाचं गाणं मी कित्येक महिने ऐकत होतो. आवाज स्वच्छ, ताल नेटका, तरी मनाला काही लागत नव्हतं. मग एका रात्री रेडिओवर तेच गाणं लागलं आणि मी उठून बसलो. मूळ ध्वनिमुद्रणात गायक शेवटच्या कडव्यात जवळजवळ ओरडतो, मागचा कोरस त्याच्यावर चढून येतो. मी जे ऐकत होतो ते त्याच गायकानं बऱ्याच वर्षांनी दुसऱ्या कंपनीसाठी पुन्हा गायलेलं होतं. अशी पुन्हा गाऊन केलेली मुद्रणं पुष्कळ आहेत, कारण मूळ मुद्रणाचे हक्क जुन्या कंपनीकडे असायचे आणि कलाकाराला आपल्या गाण्याचे पैसे मिळवायला तोच एक मार्ग उरायचा. स्वस्तातल्या संग्रहांत आणि घाईनं जुळवलेल्या याद्यांत ती बिनबोभाट शिरतात. तेव्हा गाणं निवडताना मुद्रणाचं वर्ष आणि अल्बमचं नाव बघायची सवय लावून घ्या.

मोनो (सगळा आवाज एकाच वाटेनं) आणि स्टीरिओ (डावा-उजवा वेगळा) यांचंही असंच. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत पॉप गाणी मुख्यतः मोनोसाठी घडवली जात. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत तर आवाजांचं मिश्रण तपासायला मोटारीच्या रेडिओसारखा छोटा स्पीकर वापरत, कारण गाणं शेवटी तिथेच वाजणार होतं. स्टीरिओ बऱ्याचदा नंतरची बाब असे. बीटल्सच्या १९६५ च्या 'रबर सोल'च्या स्टीरिओ आवृत्तीत बऱ्याच गाण्यांत गायकांचा आवाज एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला आहेत. एकाच कानात इअरफोन घालून ऐकलंत तर अर्धं गाणं हरवतं. त्यांच्याच 'सार्जंट पेपर' अल्बममधलं 'शीज लीव्हिंग होम' मोनोत थोडं जलद आणि वरच्या पट्टीत आहे, स्टीरिओत संथ आणि जास्त उदास. दोन्ही खरीच. पण तुमच्या कानावर कोणतं पडतंय हे प्लेलिस्ट सांगत नाही. जाणता निवेदक सांगतो.

लांबीची गोष्ट आणखी सरळ. डोअर्सचं 'लाइट माय फायर' अल्बमवर जवळजवळ सात मिनिटांचं आहे. सिंगल, म्हणजे सुट्या गाण्याची छोटी तबकडी म्हणून काढताना ऑर्गन आणि गिटारचा मधला लांब भाग कापून ते तीन मिनिटांच्या आत बसवलं, आणि १९६७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं ते हे छोटं रूप. उलट राइचस ब्रदर्सच्या 'यू'व्ह लॉस्ट दॅट लव्हिन' फीलिन''ची खरी लांबी पावणेचार मिनिटांच्या आसपास. एवढं लांब गाणं स्टेशनं लावणार नाहीत म्हणून निर्माते फिल स्पेक्टर यांनी तबकडीच्या लेबलावर ३:०५ असं छापून टाकलं! १९६५ च्या सुरुवातीला ते अमेरिकेत अव्वल ठरलं. जुन्या गाण्यांची तब्येत रेडिओच्या घड्याळानं घडवली आहे, म्हणून रेडिओवरच्या रूपात ती ऐकण्यात एक वेगळी गोडी आहे.

आता रेडिओ कार्यक्रमाच्या उण्या बाजू. निवेदक बोलतो, आणि काही जण फार बोलतात. गाण्याच्या सुरुवातीच्या संगीतावर गायन सुरू होईपर्यंत बोलत राहणं ही डीजेंची जुनी कसरत आहे. ज्याला गिटारचा पहिला सूर शांतपणे ऐकायचा आहे त्याला ती खुपते. वेळ पाळावी लागते. कार्यक्रम चुकला तर पुन्हा ऐकायची सोय मोजक्या दिवसांपुरतीच मिळते, कारण प्रसारणाचा परवाना वेगळा आणि गाण्यांसकट कार्यक्रम कायमचा उतरवून घेऊ देण्याचा वेगळा. इंग्रजी निवेदन भराभर कानावरून जात असेल तर सुरुवातीचे काही आठवडे नावंसुद्धा हुकतात. आणि एफएमवर आवाज दाबून सपाट केलेला असतो, हळू जागा आणि जोरकस जागा एकाच उंचीवर येतात. चांगल्या हेडफोनवर बारकावे टिपायचे असतील तर रेडिओ ही त्याची जागा नव्हे.

आणखी एक मुद्दा, जो मला स्वतःला टोचतो. जुन्या कलाकारांना पैसे मिळावेत असं वाटत असेल तर अमेरिकेतलं साधं एफएम स्टेशन उपयोगाचं नाही. तिथे एफएम-एएमवर गाणं वाजलं की गीतकार-संगीतकाराला मानधन मिळतं, गाणाऱ्याला आणि वाजवणाऱ्याला नाही. डिजिटल प्रसारणात त्यांनाही मिळतं. १५ फेब्रुवारी १९७२ पूर्वीच्या मुद्रणांना मात्र तिथल्या संघीय कायद्याचं हे संरक्षण २०१८ मध्ये मिळालं, म्हणजे आपण ज्यांच्याबद्दल बोलतोय त्यातल्या बहुतेकांना फार उशिरा. ब्रिटनमध्ये रेडिओवरच्या प्रसारणाचेही पैसे कलाकारांना जातात. या एका कसोटीवर स्ट्रीमिंग अमेरिकी एफएमच्या पुढे आहे.

तर निवड कशी करावी? ज्यांनी ही गाणी तरुणपणी ऐकली आहेत आणि ज्यांना त्याच पन्नास-साठ गाण्यांच्या सहवासात संध्याकाळ घालवायची आहे, त्यांनी बिनधास्त आपली प्लेलिस्ट करावी; फक्त मूळ मुद्रणं निवडावीत. कामात मन गुंतलेलं असताना स्टेशन बरं. नव्यानं या जगात शिरणाऱ्या तरुण माणसाला मात्र मी पहिला महिना प्लेलिस्टपासून दूरच ठेवीन. जुन्या चार्टचा एक कार्यक्रम धरायचा, आठवड्यातले दोन-तीन तास त्याला द्यायचे आणि मधे गाणं पुढे ढकलायचा मोह आवरायचा. नावडतं गाणंही पूर्ण ऐकायचं. शेजारी तसाच असतो.

मी कार्यक्रम ऐकताना जवळ एक वही ठेवतो. पानावर मधोमध रेघ. डावीकडे ओळखीच्या गाण्यांची नावं, उजवीकडे पहिल्यांदाच ऐकलेल्यांची. कार्यक्रम संपला की उजवीकडची गाणी अ‍ॅपवर शोधतो, वर्ष तपासतो, मूळ सिंगल सापडलं तर माझ्या यादीत घालतो. माझी आजची सगळी प्लेलिस्ट अशीच भरली आहे. चार आठवडे करून पाहा. महिन्याअखेरी उजवी बाजू कोरीच राहिली असेल तर तो कार्यक्रम तुमच्या कामाचा नाही, खुशाल दुसरा शोधा. ती भरली असेल तर पाचव्या आठवड्याला वहीचं नवं पान लागेल.