वस्तुचित्रासाठी जलरंग की पोस्टर रंग?

समोर किटली, दोन कांदे आणि मागे चुण्या पाडून सोडलेला निळा कपडा. रेखांकन बऱ्यापैकी बसलंय. आता विद्यार्थ्यांच्या हाती कोणते रंग द्यायचे? मी वर्गात दोन्ही वापरले आहेत. दोन्ही पाण्यात कालवायचे, ब्रशही तेच चालतात. खरा फरक उजेडाचा आहे. जलरंगात उजेड कागदाकडून येतो, पोस्टर रंगात तो पांढरा मिसळून आणावा लागतो.

आधी जलरंगाची बाजू मांडतो, कारण त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. किटलीवरची चमक कुठे आहे, केवढी आहे, हे ब्रश टेकवण्याआधीच ठरवावं लागतं, कारण तेवढा कागद कोरा सोडायचा असतो. म्हणजे मुलाला आधी पाहावंच लागतं. कांद्याची सुटत आलेली साल तर जलरंगानेच रंगवावी. वाळलेल्या फिकट वॉशवर, म्हणजे भरपूर पाण्यात कालवलेल्या रंगाच्या थरावर, दुसरा पातळ वॉश दिला की खालचा रंग जसा वर झिरपून दिसतो, तसा पोस्टर रंगात मला कधी साधलेला नाही.

तरीही एका गोष्टीपाशी मी अडलो. ओला वॉश कुणासाठी थांबत नाही. कपड्याचा निळा अर्ध्यावर आला की मुलाची नजर कागदाला चिकटते. कडा वाळली का, खाली थेंब साचला का, पाणी मागे पसरून डाग फुटतोय का, सगळं लक्ष तिकडे. तेवढ्या वेळात समोरच्या मांडणीकडे एकदाही पाहिलं जात नाही. निरीक्षणातून शिकायचं तर नजर वस्तू आणि कागद यांच्यात सारखी ये-जा करत राहायला हवी, आणि नवशिक्याच्या बाबतीत जलरंग नेमकी तीच तोडतो. त्यात चमक बुजली तर ओल्या ब्रशने थोडा रंग उचलता येतो, पण कागदाचा मूळ पांढरेपणा क्वचितच परत मिळतो. मग मुलं बिचकतात आणि समोरची किटली सोडून मनातली किटली रंगवू लागतात.

पोस्टर रंगात थांबता येतं. किटलीच्या सावलीतल्या बाजूला, अगदी खालच्या कडेशी, कपड्याचा निळसर उजेड परतून आलेला असतो. पहिल्या नजरेत तो दिसत नाही. बहुतेकांना दिसतो तो ती बाजू गडद रंगवून झाल्यावर! जलरंगात तोवर उशीर झालेला असतो. पोस्टर रंगात खालचा थर पूर्ण वाळू द्यायचा, थोडा घट्ट राखाडी-निळा कालवायचा आणि एका फटक्यात वर ठेवायचा. घासत बसलं तर खालचा रंग सुटून चिखल होतो. उशिरा दिसलेली गोष्ट चित्रात आणता येते म्हटल्यावर मूल पुन्हा पुन्हा पाहायला लागतं, आणि मला तेवढंच हवं असतं.

पोस्टर रंगाचे दोषही आहेत. वाळल्यावर छटा बदलते. फिकट रंग थोडे गडद होतात, गडद रंग फिके पडतात. म्हणून रंग आधी कागदाच्या पट्टीवर लावून वाळू द्यावा, मग पट्टी हात लांब करून वस्तूशेजारी धरावी आणि एक डोळा मिटून ताडून पाहावं. पट्टीवरचा आणि वस्तूवरचा उजेड सारखा असेल एवढं मात्र बघा. दुसरा दोष म्हणजे प्रत्येक रंगात पांढरा घालायची सवय लागते आणि सावल्या खडूसारख्या दिसू लागतात. गडद छटांपुरता पांढरा बाजूला ठेवायला सांगितलं की हे बरंच आटोक्यात येतं. कच्चं रेखांकनही रंगाखाली झाकलं जातं, त्यामुळे किटलीच्या तोंडाचं लंबवर्तुळ ब्रशने पुन्हा शोधावं लागतं. मला ती अडचण वाटत नाही, तुम्हाला वाटू शकेल.

विद्यार्थी मोठे असतील, हात स्थिर असेल, किंवा मांडणीत पानं-फुलंच जास्त असतील, तर जलरंग घ्यायला माझी हरकत नाही. दोन्ही एकत्रही चालतात. जर्मन चित्रकार ड्यूररच्या 1502 सालच्या सशाच्या चित्रात पारदर्शक आणि अपारदर्शक, दोन्ही रंग आहेत. पण भांडी, डबे, कपडे घेऊन सुरुवात करणाऱ्या वर्गासाठी मला विचाराल तर मी पोस्टर रंगच सुचवेन. पांढऱ्याची बाटली मात्र बाकीच्या रंगांपेक्षा मोठी घ्या, आधी तीच संपते.