शुगर लो ओळखायला घरचाच कुत्रा शिकवायचा, नवीन पिल्लू आणायचं की सेन्सर लावायचा?

घरात टाईप वन डायबेटिसचं, म्हणजे इन्सुलिनवर असलेलं पोरगं आणि एक कुत्रा असला की हा प्रश्न कधीतरी निघतोच. माझं मत आधीच सांगतो, सतत साखर मोजणारा सेन्सर पहिला, शुगर पडल्याचा वास ओळखणारा कुत्रा त्याच्या जोडीला. आणि कुत्रा शिकवायचाच असेल तर आधी घरचाच बघा.

सेन्सर दंडाला चिकटवायचा, नेहमीचा 14 दिवस चालतो, म्हणजे वर्षाला साधारण 26, खरा खर्च तिथेच. तो रक्तातली नाही, कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे शुगर झपाट्याने पडत असेल तर काही मिनिटं मागे राहतो, आणि पोरगं तोच हात दाबून झोपलं तर उगाच लो दाखवून रात्री दोनला सगळं घर उठवतो. शंका आली की बोट टोचून बघायचंच. घेताना अलार्म आपोआप वाजतो का ते विचारा, काही मॉडेलमध्ये स्कॅन केल्याशिवाय कळतच नाही.

कुत्र्याचं नाक म्हणजे नुसती हवा नाही. शुगर पडली की श्वासात आयसोप्रीन नावाचं रसायन वाढतं असं केंब्रिजच्या संशोधकांना 2016 मध्ये दिसलं, कुत्रे बहुधा तेच हुंगतात. पण रिझल्ट बघा: ब्रिटनमधल्या 27 ट्रेन केलेल्या कुत्र्यांच्या 2019 च्या अभ्यासात लो ओळखण्याचं मध्यक प्रमाण 83 टक्के आलं, तर अमेरिकेतल्या 2017 च्या छोट्या अभ्यासात फक्त 36 टक्के, वर बहुतेक इशारे खोटेच. एवढा फरक असताना पोराचा जीव एकट्या नाकाच्या भरवशावर मी तरी ठेवणार नाही.

आता घरचा की पिल्लू? पिल्लू गोंडस असतं पण पुढे कसं निघेल सांगता येत नाही, कामाला येईपर्यंत दीड-दोन वर्षं जातात. घरच्याचा स्वभाव तुम्हाला माहितीये, मग तो लॅब असो की गावठी. त्याला संध्याकाळी नाशिकच्या कॉलेज रोडसारख्या गर्दीत न्या, एखाद्या मिसळवाल्याच्या बाहेर खाली पाव पडलेला असताना तो तुमच्याकडे बघतो का पावाकडे ते बघा. ढोल वाजला की पलंगाखाली घुसणारा असेल तर सोडा, त्याला लाडका म्हणूनच राहू द्या.

शिकवायचं असं, शुगर 70 mg/dL च्या खाली गेली की कापूस गालाच्या आत फिरवायचा, लगेच ग्लुकोज द्यायचं, कापूस झिप बॅगेत बंद करून फ्रीझरला. पोरगं गुंगीत असेल तर नमुना गेला खड्ड्यात, आधी उपचार. नॉर्मल शुगरचेही नमुने ठेवा, नाहीतर कुत्रा नुसता कापूस ओळखायला शिकतो. नमुने वेगवेगळ्या बरण्यांत ठेवायचे, लो शुगरच्या बरणीवर नाक लावलं की ट्रीट, मग हळूहळू पंजा मारून सांगायला शिकवायचं. परदेशात किमान सहा महिने आणि 120 तास धरतात, त्यातले 30 बाहेर गर्दीत.

आणि अमेरिकेसारखा त्याला हॉटेल-मॉलमध्ये आत घ्यायलाच लावणारा कायदा आपल्याकडे नाही. रेल्वेतही कुत्रा फक्त फर्स्ट क्लासच्या कूपे-केबिनमध्ये किंवा गार्डच्या डब्यात, म्हणजे पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला डॉक्टरकडे जाताना तो शेजारी बसणार नाही.

घरच्या कुत्र्याला मला सगळ्यात जमण्यासारखं वाटतं ते वेगळंच काम. सेन्सरचा अलार्म वाजला की आईबाबांना ढोसून उठवायचं, ग्लुकोजचा पाऊच आणून द्यायचा. याला लाळेचे नमुनेही लागत नाहीत, फोनवर तोच आवाज वाजवायचा आणि तो तुमच्याकडे आला की ट्रीट, इथून सुरुवात करा.