शिक्का होता, नंबर नव्हता

राजगडावरून गुंजवण्याच्या वाटेने उतरत होतो. चोर दरवाज्याखालचा रेलिंगचा टप्पा संपला आणि उजव्या बुटाचा सोल पुढून टाचेपर्यंत उघडला. बूट घालायची ही चौथी वेळ. मित्राने सॅकची एक पट्टी काढून दिली, ती बुटाभोवती करकचून बांधली आणि उरलेली उतरण कशीबशी पार केली. घरी पोचेपर्यंत डोक्यात एकच विचार होता. त्याच दिवशी, त्याच टेबलावरून मी आणखी काय काय घेतलं होतं?

मे महिन्याच्या शेवटी आमच्या भागातल्या एका मंगल कार्यालयात दोन दिवसांचा 'एक्स्पोर्ट सरप्लस सेल' लागला होता. रिक्षावर भोंगा लावून जाहिरात चालली होती. एका बाजूला बूट, सॅक, पोंचो, हेडटॉर्च. दुसऱ्या बाजूला कुकर, तवे, मिक्सर. "परदेशातली ऑर्डर रद्द झाली, म्हणून निम्म्या किमतीत काढतोय," असं विकणारा सांगत होता. पावसाळी ट्रेक तोंडावर आले होते आणि आईचा कुकरही जुना झाला होता. बूट ११००, पोंचो ३००, पॉवर बँक ६००, दोन कॅराबिनर (दोर अडकवायच्या धातूच्या कड्या) ५००, पाच लिटरचा कुकर ८५०. एकूण ३३५० रुपये क्यूआर कोड स्कॅन करून दिले.

बिल मागितलं, तर तो म्हणाला, "साहेब, बिल केलं तर जीएसटी तुमच्याच अंगावर पडेल." आणि एका चिठोऱ्यावर 'ट्रेकिंग आयटम, कुकर – ३३५०' एवढं लिहून दिलं. ना दुकानाचं नाव, ना पत्ता. मी ते घेतलं आणि घरी आलो. माझी चूक झाली ती तिथेच.

बुटांचं ठीक आहे, पायी चालत खाली आलो. पण ते कॅराबिनर मी भाच्यासाठी घेतले होते. तो नववीत आहे आणि त्याला लोणावळ्याजवळच्या नागफणीला रॅपलिंगला, म्हणजे दोराने कडा उतरायला, न्यायचं ठरलं होतं. आमच्या ग्रुपमधले एक दादा वीसेक वर्षं सुळके चढतायत. त्यांच्याकडे कॅराबिनर घेऊन गेलो. त्यांनी तो खिडकीपाशी उजेडात धरला, गेट दोनदा उघडून सोडलं. गेट पूर्ण मिटतच नव्हतं, केसाएवढी फट राहत होती. लॉकचा स्क्रू फिरवला तर आटे मध्येच अडत होते. मग त्यांनी आपल्या हार्नेसवरचा, म्हणजे चढाईच्या कमरपट्ट्यावरचा, कॅराबिनर शेजारी ठेवला. त्यावर तीन वेगवेगळे आकडे कोरलेले होते: लांबीच्या दिशेने किती ताण सोसतो, आडवा किती आणि गेट उघडं असताना किती. 'सीई' या युरोपीय सुरक्षा चिन्हाच्या अक्षरांपुढे तपासणी संस्थेचा चार आकडी क्रमांकही होता. माझ्या कॅराबिनरवर एकच आकडा होता, २२ किलोन्यूटन. म्हणजे सुमारे सव्वादोन टन. दादांनी त्यावर नख घासलं आणि शाई नखात आली.

"कुणाला लटकवणार होतास यावर?" त्यांनी विचारलं. भाच्याचं नाव मला घेता आलं नाही.

त्याच संध्याकाळी कुकर काढला. आई आठवडाभर म्हणत होती की शिट्टी होत नाही, वाफ दांड्याच्या बाजूने निघते. मी रिंग बदलू म्हणून टाळत होतो. घरगुती प्रेशर कुकरला २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. खऱ्या चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो, कुकरसाठी आयएस २३४७, आणि खाली 'सीएम/एल' ने सुरू होणारा परवाना क्रमांक. आमच्या कुकरवर चिन्ह ठसठशीत होतं, खाली मात्र नंबरच नव्हता. परवाना क्रमांक असेल तर तो 'बीआयएस केअर' या सरकारी ॲपमध्ये टाकायचा. कुणाचा परवाना आहे, कुठल्या वस्तूसाठी आहे, चालू आहे की बंद, सगळं दिसतं. पॉवर बँकेवर 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक लागतो, तोही तिथेच तपासता येतो. माझ्या पॉवर बँकेवर तोही नव्हता. वीस हजार एमएएच क्षमतेची म्हणून घेतलेली ती पॉवर बँक माझ्या जुन्या दहा हजार एमएएचच्या पॉवर बँकेपेक्षा हलकी भरली. हे सगळं टेबलापाशी उभं राहून दोन मिनिटांत बघता आलं असतं.

पैशांच्या मागे लागलो, पण हाती काही आलं नाही. क्यूआर कोडवर कुणा व्यक्तीचं नाव होतं, कार्यालयात बुकिंगला दिलेला फोन बंद. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, पण विक्रेत्याचा पत्ता सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं. बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी ग्राहक आयोगात फीसुद्धा लागत नाही. पण दाद मागायची तर समोर कुणीतरी हवं. पोलीस चौकीत अर्ज दिलाय, सोबत चिठोऱ्याची आणि पेमेंटच्या स्क्रीनशॉटची प्रत जोडली आहे. एक कॅराबिनर पुरावा म्हणून ठेवला. दुसरा करवतीने कापून टाकला, म्हणजे कुणाच्या हाती लागला तरी दोराला जोडला जाणार नाही.

आमच्या सोसायटीत तसलाच कुकर आणखी चार घरांत आहे. तीन जणींनी बाजूला काढून ठेवला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणतात, "अरे, चालतोय की व्यवस्थित." त्यांच्याकडे तो अजून रोज गॅसवर चढतो. मी दोनदा जाऊन आलोय. उद्या सकाळी आईला सोबत घेऊन परत जाणार आहे.