हॅकनेट : माऊस बाजूला ठेवा

हॅकनेट या हॅकिंगच्या गेमसाठी भारी मशीन लागत नाही. इंदूरच्या जेल रोडवरून उचललेला, ग्राफिक्स कार्ड नसलेला जुना लॅपटॉप पुरतो. कीबोर्डची सगळी बटणं तेवढी धड हवीत. २०१५ सालच्या या गेममध्ये बंदूक नाही, गाडी नाही. टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) आहे आणि 'बिट' नावाच्या मेलेल्या हॅकरच्या ईमेल.

सुरुवात सोपी. 'कनेक्ट' करून 'प्रोब' मारलं की समोरच्या मशीनची पोर्टं (आत शिरायची दारं) दिसतात आणि त्यातली किती फोडायची तेही. २२ नंबरच्या पोर्टवर एसएसएचक्रॅक, २१ वर एफटीपीबाउन्स हे प्रोग्राम चालवायचे. आकडा भरला की पोर्टहॅक हा शेवटचा प्रोग्राम, आणि ताबा आपला. पोर्टांचे नंबर खरे आहेत (२५ मेलचं, ८० वेबचं), पोर्टहॅक मात्र निव्वळ थाप.

खरी मजा प्रॉक्सी (मधला आडोसा) आणि फायरवॉल (संरक्षक भिंत) आल्यावर. प्रॉक्सीसाठी आधीच ताब्यात असलेल्या दोन-तीन मशीनवर 'शेल' (प्रॉक्सीवर मारा करणारा प्रोग्राम) उघडून ठेवा आणि मगच सावजाकडे वळा. ट्रेसचं (समोरचा आपला माग काढतो त्याचं) घड्याळ सुरू झाल्यावर ही तयारी होत नाही. प्रॉक्सी पडली की शेल लगेच बंद करा, नाहीतर रॅम अडून राहते आणि पुढचा प्रोग्राम सुरूच होत नाही. नवखे हमखास इथेच बुडतात. फायरवॉलला 'ॲनालाइझ' पुन्हा पुन्हा मारायचं, अक्षरं उलगडत जातात, मग 'सॉल्व्ह'.

ट्रेस संपला तरी एक संधी उरते: इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन स्वतःचा आयपी (मशीनचा इंटरनेटवरचा पत्ता) बदलायचा. त्या वेळी पोह्यांची प्लेट लांब ठेवलेली बरी.

निघताना लॉगच्या (आपल्या हालचालींच्या नोंदींच्या) फोल्डरात जाऊन 'आरएम *', म्हणजे सगळ्या फाइली पुसा. पण आधी आपण कुठे आहोत ते पाहा. हीच कमांड घरच्या मशीनच्या 'बिन' या प्रोग्रामांच्या फोल्डरात मारली तर जमवलेली सगळी हत्यारं गेली.

इंदूरच्या जीएसआयटीएस या इंजिनिअरिंग कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना याचा खरा उपयोग इतकाच की एलएस, सीडी, कॅट, किल या लिनक्सच्या कमांड बोटांत बसतात. फाइल कॉपी करायचं एससीपी फसवं आहे. इथे फाइलचं नाव पुरतं, खऱ्या लिनक्सवर कुठून आणि कुठे दोन्ही सांगावं लागतं. हॅकिंग शिकायला म्हणून घेणार असाल तर पैसे वाचवा.

गोष्ट बरीचशी ईमेलमध्ये आहे, तीही इंग्रजीत. वाचायचा कंटाळा असेल तर अर्धा गेम हुकेल. २०१७ सालचं 'लॅबिरिंथ्स' हे वाढीव प्रकरण जास्त अवघड आणि जास्त चांगलं. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या सेलमध्ये दोन्ही एकदम घ्या.